दुपारची टकटक

४ फेब्रुवारी

ही वही आमच्या कवळ्यांच्या लॅबमधली मापं लिहायला आणली होती. पण आज जे झालं ते कुणाला सांगितलं तर म्हणतील, बाईचा स्क्रू ढिला झाला. कागद निदान तोंडावर हसत नाही, म्हणून इथे लिहिते.

दुपारी जेवायला लॅबमधून घरी येते, तशी आले आणि जेवण झाल्यावर माझ्या खोलीत जरा आडवी झाले होते. वहिनी तिच्या खोलीत. मधली खोली दादाची. तिला दोन दारं, एक माझ्या बाजूला, एक वहिनीच्या. त्या खोलीतून आवाज आला. टक टक टक. मग बराच वेळ काही नाही. मग एकदाच, टक.

हा आवाज मला कुणी ओळखून द्यायला नको. दादा नकाशा काढताना अडला की पेन बंद करायचा आणि टोपणावरची क्लिप अंगठ्यानं उचलून सोडायचा. क्लिप ढिली, त्यामुळे आपटायची. लग्नाआधीपासूनची खोड. घरात घड्याळ असतं तसा तो आवाज होता.

मी दार लोटलं. आत कुणी नव्हतं. पेन टेबलावर, खुर्ची जरा मागे सरकलेली. पलीकडचं दार नुसतं ओढलेलं. तिकडे डोकावले तर वहिनी भिंतीकडे तोंड करून झोपलेली, डोक्यावरून पांघरूण.

दादाला जाऊन आठ महिने झाले.

६ फेब्रुवारी

आज परत. मी दाराशी उभी राहून हळूच म्हटलं, "दादा?" आवाज तिथल्या तिथे थांबला. आत जायची छाती झाली नाही.

संध्याकाळी चहा घेताना वहिनीला विचारलं, "दुपारी तुला काही ऐकू येतं का गं?"

"काय ऐकू येणार?"

"त्याच्या खोलीतून."

तिचा कप बशीवर जरा जोरात टेकला. "मला नाही बाई काही ऐकू आलं. तुम्हाला भास होत असतील, वन्सं. त्या लॅबमधल्या वासानं डोक्यात जात असेल काहीतरी."

सरळ कानावर हात. पण चेहरा पांढराफटक पडला होता. तिलाही ऐकू येतं आणि ती घाबरली आहे, एवढं कळायला मला काही शाळेत जायला नको. आणि तिनं घाबरावंच. दादा होता तेव्हा दिवसभर तिचं एकच, "अहो, ती टकटक बंद करा, डोकं उठलं माझं." तो गेल्यापासून त्या खोलीत तिनं पाऊल टाकलेलं नाही. केर मीच काढते. पोळ्या लाटणं, भांडी, कपडे, सगळं वेळच्या वेळी. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही आठ महिन्यांत. मी मात्र लॅबमध्ये लोकांच्या कवळ्यांवर रडले आहे.

९ फेब्रुवारी

वहिनीचे बंधूराज आले होते. हा माणूस कधी येतो असं होत नाही, अवतरतो. पायातले बूट काढायच्या आधीच म्हणाले, "ताई, किती दिवस असं काढणार? आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे. चल."

वहिनी म्हणाली, "बघू."

"बघू काय, इथे आहे काय आता?"

मी समोर बसले होते. इथे मी आहे, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. वहिनीनं दादाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, "बघू, एवढ्यात नको."

पण 'बघू' म्हणणारं माणूस अर्धं निघालेलंच असतं. आणि का थांबावं तिनं? दुपारी बंद खोलीत नवरा क्लिप वाजवतो अशा घरात कोण राहील? मला एकटीनं राहायची भीती वाटते. हे मी कुणाला तोंडानं सांगणार नाही, पण वाटते. आमच्यात सख्य आहे असं नाही. तरी तिच्या बांगड्यांचा आवाज स्वयंपाकघरात असतो.

११ फेब्रुवारी

आज कामात लक्ष नव्हतं. खालच्या दातांच्या साच्यात वरच्यांचं मेण ओतलं. लॅबमधला पॉलिशवाला म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक उलटं टांगून जेवणार का?" मग त्याला सगळं सांगून टाकलं. टकटक नाही सांगितली, दादाचं सांगितलं.

दादाच्या ऑफिसच्या शिपायानं पाहिलं ते असं. दादा जिना उतरता उतरता कठड्यावरून वाकून खाली कुणाशी तरी बोलत होता. खिशातून पेन सटकलं. ते धरायला त्यानं हात टाकला आणि तोल गेला. पेन दोन पायऱ्या खाली नुसतं पडून होतं, त्याला ओरखडाही नाही.

म्हणजे एक ढिली क्लिप. खिशाला घट्ट बसली असती तर दादा आज घरी असता. तो नाही, आणि ती अजून तशीच ढिली आहे. तो म्हणून तर येत नसेल? येऊन तीच वाजवून दाखवत नसेल? अरे, एवढी तरी नीट करा, असं?

मी म्हटलं, "ती क्लिप मी घट्ट करणार आहे."

पॉलिशवाला म्हणाला, "बैल गेला आणि झोपा केला." मग माझं तोंड बघून म्हणाला, "करा बाई, करा. हाताला काम बरं."

१४ फेब्रुवारी

पेनांच्या जुन्या दुकानात गेले. दुकानदारानं पेन हातात घेतलं आणि पहिल्यांदा वास घेतला. म्हणाला, "चांगलं वापरलंय." मला एकदम भरून आलं.

काम सोपं आहे. टोपणाच्या डोक्यावर एक लहान गुंडी असते, आट्यांची. ती फिरवून काढायची. क्लिपच्या वरच्या टोकाला कडी असते, ती ह्या गुंडीखाली दाबलेली असते. गुंडी सैल झाली की क्लिप डुलते. खाली पातळ वायसर घालायचं, आट्यांना नखभर लाख लावायची, गरम असताना पिळून बसवायचं.

"लाखच लावा," तो म्हणाला. "दुसरं काही लावू नका. लाख शेक दिला की सुटते. जुन्या वस्तूला परत उघडायची वाट ठेवावी लागते."

मला हसू आलं. आमच्या धंद्यात बसवलेलं उघडलं तर गिऱ्हाईक भर जेवणात तोंडावर हात धरून पळत येतं.

१५ फेब्रुवारी

झालं. लॅबमध्येच केलं. गुंडी रबराच्या तुकड्यात धरली तर सहज फिरली. पितळेच्या पत्र्याचं वायसर कापलं, लाख लावली, बसवली. अंगठ्यानं उचलून पाहिली. कडक. उचलतच नाही, वाजणार कुठून?

घरी येऊन पेन जागच्या जागी ठेवलं आणि म्हटलं, "झाली रे बाबा घट्ट. आता जा."

१९ फेब्रुवारी

चार दुपारी शांत. त्यानं ऐकलं माझं.

पण घरात हे असं असतं, एक दुखणं जातं न जातं तोच दुसरं. वहिनीचे डोळे आलेत. लालभडक झालेत, पापण्या सुजल्यात. दूध उतू गेलं तर समोर उभी राहून बघत होती. मी थेंब आणून दिले. म्हणाली, "ठेवा तिथे." बाटली अजून तशीच सीलबंद आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

रात्री जेवली नाही.

२२ फेब्रुवारी

आज वाजलं.

टक टक टक. बराच वेळ शांत. मग एक, टक. अगदी पहिल्यासारखं.

मी पलंगावर बसून राहिले. ती क्लिप मी माझ्या हातानं बसवली होती. तिला सैल करायला माणसाचा हात लागतो.

बऱ्याच वेळानं गेले. पेन टेबलावर. क्लिप डुलत होती. मी वहिनीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. ती झोपलेली, कुशीवर. उठवावं असं वाटलं, पण बिचारी घाबरेल. बंधूराजांना आजच फोन जाईल.

गंमत म्हणजे तिचे डोळे आज बरे दिसत होते. संध्याकाळी जेवलीही.

२४ फेब्रुवारी

पेन लॅबमध्ये आणून भिंगाखाली धरलं. लाख सुटली आहे. शेक दिल्यासारखी सुटली आहे. वायसर नाहीच. आट्यांमध्ये पांढरी पूड अडकली होती. माझ्याच हातचं प्लास्टर असणार, दुसरं काय? बोटांवर चोळलं तर मात्र मऊ लागलं, पिठासारखं.

दादा, तुला ती ढिलीच हवी आहे का? तिनं तुला खाली नेलं तरी?

नाही. मी ऐकणार नाही. तू जिवंतपणीही असाच हट्टी होतास. आता लाखबीख नको. माझ्याकडे माझं औषध आहे.

२५ फेब्रुवारी

कवळीचं प्लास्टिक करायची पावडर आणि लिक्विड. दोन्ही कालवून आट्यांना लावलं, कडीच्या भोवतीही भरलं, गुंडी पिळली आणि वर दाब ठेवला. वाळल्यावर मायक्रोमोटरनं घासून पॉलिश केलं. आता गुंडी, कडी आणि टोपण एकच वस्तू आहे. लिक्विडनं टोपणाचा काळा रंग थोडा खाल्ला, वर जाळं पडल्यासारखं झालंय. असू दे.

पॉलिशवाला म्हणाला, "बाई, आता हे तुमच्या चितेतसुद्धा सुटणार नाही." मी म्हटलं, तेच हवंय.

१ मार्च

शांत. पूर्ण शांत. मी दुपारची गाढ झोपले, कितीतरी महिन्यांनी.

वहिनीचे डोळे पुन्हा आले. तिला ही साथ सारखी कुठून लागते कळत नाही. घराबाहेर तर पडत नाही.

३ मार्च

सकाळी वहिनी फोनवर बोलत होती. "हो. रविवारी ये. नाही, सगळं नाही घेणार, दोन बॅगा."

मी हातातला टॉवेल धरून तशीच उभी. फोन ठेवल्यावर म्हटलं, "अगं, आता तर सगळं शांत झालंय."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं गिळलं. म्हणाली, "हो ना. झालंय खरं शांत."

मला समजत नाही. घाबरत होती तोवर राहिली, आणि आता भीती गेली तर निघाली?

४ मार्च

लॅबमध्ये सकाळीच वीज गेली, मालकांनी घरी पाठवलं. किल्लीनं दार उघडून आत आले तर दादाच्या खोलीत खुडबुड. माझ्या अंगावर काटा आला. पण आज मी पलंगावर पडलेली नव्हते, पायात चपला होत्या, रस्त्यावर माणसं होती. मी सरळ दार उघडलं.

खुर्चीवर वहिनी होती. भांडी घासायचा रबरी हातमोजा एका हातात. टेबलावर वाफेची किटली, पक्कड, आणि पेनाचं टोपण. हात पिठाचे, पोळ्या अर्ध्यावर टाकून आली होती. ती गुंडी फिरवत होती आणि गुंडी फिरत नव्हती.

तिनं मान वर केली. डोळे लाल. डोळे आले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. मी एवढी मठ्ठ कशी?

"काय लावलंत हो ह्याला?" ती म्हणाली. "सुटतच नाहीये."

"तू वाजवत होतीस?"

"मग कोण वाजवणार?"

"पण तुला तर तो आवाज..." मी टोपणाकडे बोट दाखवलं. "मी विचारलं तेव्हा नाही म्हणून का सांगितलंस?"

"काय सांगू? की मी दुपारची चोरून पेन वाजवते? तुम्ही लॅबमध्ये जाऊन सांगितलं असतं. लोक हसले असते."

सांगितलं असतं मी. खरं आहे.

"मी दादासाठी केलं," मी म्हटलं. "ती ढिली होती म्हणून तो..."

"माहीत आहे मला कशानं ते," ती म्हणाली. "मला नसेल माहीत?" आणि मग तिनं टोपण माझ्या हातात दिलं. "सोडवून द्या. तुम्हीच बसवलंय, तुम्हीच सोडवा. बाकी काही नको मला."

५ मार्च

मी प्रयत्न केला, हे लिहून ठेवते. शेक देऊन पाहिला. गरम पाण्यात धरून पाहिलं. शेवटी मायक्रोमोटरला सगळ्यात बारीक टोकाचा बर लावला आणि कडीभोवतीचं प्लास्टिक कणाकणानं कोरत गेले. तोंडातल्या दातापेक्षा जपून. पॉलिशवाला बाजूला दिवा धरून उभा होता.

लिक्विडनं टोपण आतून ठिसूळ झालं होतं. बर जरासा टेकला आणि टोपण वरपासून खालपर्यंत उललं. क्लिप टेबलावर पडली. पडताना ती वाजली, शेवटचं.

रुमालात गुंडाळून घरी आणलं. वहिनी दारातच उभी होती. मी रुमाल उघडून धरला.

तिनं क्लिप उचलली. ती अंगठ्यानं दाबून पाहिली. ती नुसतीच सोन्याच्या रंगाची पट्टी होती. मग तिनं ती परत रुमालात ठेवली, चारही टोकं नीट दुमडली आणि म्हणाली, "आज गेले हे."

आणि खाली बसली. तिथेच, उंबऱ्यात. मग ती रडली ते मी लिहू शकत नाही. मी असं रडणं ऐकलेलं नाही. दादाला आणलं त्या दिवशीही नाही.

८ मार्च

दोन दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, बॅगा भरणं चालू होतं. आज दुपारी तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. ती साड्यांच्या घड्या घालत होती.

मी म्हटलं, "मी एकटी काय करू गं इथे?" इतकी वर्षं दात आवळून राखलेला मान दाराबाहेर ठेवला आणि विचारलं.

"मी काय करत होते नऊ महिने?" ती म्हणाली. चिडून नाही. "आणि तुम्ही घरात असताना, वन्सं."

मी पलंगाच्या कडेला बसले. साडीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून घडी केली, मग दुसरी. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "तुझं तर डोकं उठायचं ना त्या आवाजानं? मग का वाजवायचीस?"

तिनं साडीची सुरकुती हातानं सारखी केली. मग म्हणाली, "दोनदा वाजलं की चहा हवाय. नुसतं एक म्हणजे विचार चाललाय, मध्ये बोलू नका. सारखं वाजायला लागलं की साहेबांनी नकाशा परत पाठवलाय, आज जपून."

मी त्याच घरात राहत होते. मला वाटायचं, खोड आहे.

"आणि मी ओरडायचे ना, बंद करा म्हणून? की हे थांबायचे. बराच वेळ थांबायचे. आणि मग एकदाच वाजवायचे. म्हणजे, ऐकलं हं तुझं." तिनं साडी मांडीवर ठेवली. "त्या एकासाठी ओरडायचे मी."

मला त्या दुपारी आठवल्या. टक टक टक. मग तो मोठा खंड. मी भिंतीच्या अलीकडे अंग चोरून पडलेली, आणि पलीकडे ती मनातल्या मनात म्हणतेय, अहो, बंद करा. आणि मग स्वतःच्याच अंगठ्यानं एकदा.

तिला कुणीतरी विचारायला हवं होतं. ते मी होते, दुसरं कोणी नव्हतं घरात. मी तिच्याजवळ सरकले आणि रडले. ती नाही रडली. मला म्हणाली, "साडी ओली होतेय."

मग तिनं आणखी सांगितलं. अंधार पडेपर्यंत सांगत होती. दादा कधी हसताना वाजवायचा, कधी खोटं बोलताना. पोळ्या आज झाल्याच नाहीत.

९ मार्च

बंधूराज आले. गाडी खाली उभी ठेवूनच आले. वहिनीनं त्यांना चहा दिला. ते म्हणाले, "बॅगा कुठे आहेत?"

ती म्हणाली, "आत आहेत. पुढच्या महिन्यात बघू."

"पुन्हा बघू? अगं, इथे आहे काय आता?"

वहिनीनं त्यांचा रिकामा कप उचलला. खरंच काही नाही आता. ते गेले, जिन्यावरून त्यांचे बूट बराच वेळ वाजत होते.

पुढच्या महिन्यात ती जाईलही. मी विचारलं नाही.

जेवणं झाली. ती तिच्या खोलीत गेली नाही, मी माझ्या नाही. ती स्वयंपाकघरात धान्य निवडत बसली, मी बाहेर हीच वही घेऊन. दादाच्या खोलीची दोन्ही दारं उघडी होती. टकटकीच्या त्या वेळेला तिचा हात थांबला आणि माझंही पेन थांबलं. काही वाजणार नाही हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. तरी दोघी कान देऊन बसलो होतो.